इंदुताई आणि संगणकाचे भय

इंदुताई परचुरे यांना मी प्रथम पाहिले तेव्हा आमच्या दोघींच्या मध्ये एक यंत्र होते, आणि त्याच्या आवाजात त्या काय बोलत आहेत हे मला ऐकू येत नव्हते. १९६२ साल होते. माझे नुकतेच लग्न झाले होते. मॅट्रिकनंतर टायपिंगची परीक्षा दिलेली होती, तेवढ्या भांडवलावर चिंचवडगावातल्या सासरहून मी पिंपरीच्या कारखान्यात नोकरीच्या पहिल्या दिवशी आले होते. पुठ्ठ्याच्या कार्डांना छिद्रे पाडून त्यांवरून हिशेब करणारी यंत्रे कंपनीने तेव्हाच आणली होती. कार्डांची चळत तोंडाशी ठेवली की यंत्र एकेक कार्ड गिळत सुटे आणि छिद्रे पाहून ती वेगवेगळ्या कप्प्यांत फेकून देई. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज होई. मी दाराशीच थबकले.

ताई यंत्राला वळसा घालून माझ्याजवळ आल्या. सुती नऊवारीच्या जमान्यात पाचवारी, मनगटावर घड्याळ, कपाळावर बारीक कुंकू, वय चाळिशीचे. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले.

"घाबरलीस?"

"नाही," मी म्हणाले.

"घाबरायला हवं. बोट गेलं तर परत येत नाही. पदर खोच, बांगड्या मागे सार, आणि माझ्याजवळ उभी राहा."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी त्यांच्या शेजारी उभी होते. ही बाई आपल्याला भिऊ नकोस म्हणत नाही, याचे मला नवल वाटले होते. घरी, शाळेत, सासरी मला सगळ्यांनी तेवढेच सांगितले होते.

ताईंच्या साठीनिमित्त हा ग्रंथ निघत आहे. त्यांची विद्वत्ता, गणितावरची हुकमत, शाळेतली मास्तरकी सोडून कारखान्यात येण्याचे धाडस, या विषयांवर अधिकारी माणसांनी लिहिले आहे. मी त्यांच्या हाताखाली वीस वर्षांच्या आसपास काम केले. त्या काळात आमच्या विभागात सतत कसली ना कसली भीती वस्तीला असे, आणि ताई त्या भीतीशी कशा वागल्या एवढेच मला ठाऊक आहे. ते सांगते.

ताईंना यंत्रांची आवड होती, पण त्याहून अधिक आवड होती ती या यंत्रांच्या पूर्वजांची. दुपारी डबे खाऊन झाले की आम्ही मुली त्यांच्याभोवती बसायचो आणि त्या सांगायच्या. जगात पहिले लिखाण कुणी केले असेल, असे त्यांनी एकदा विचारले. कुणी म्हणाले ऋषींनी, कुणी म्हणाले राजाने. ताई म्हणाल्या, "कोठारावरच्या कारकुनानं. दोन नद्यांच्या मधल्या एका देशात मातीच्या ओल्या वड्यांवर तो बोरूनं खुणा करीत असे. इतकी मेंढरं, इतकं धान्य. देवाची स्तोत्रं आणि राजांच्या गोष्टी पुढे आल्या. माणसानं आधी मोजदाद लिहिली."

"पण कशाला?" आमच्यातल्या एकीने विचारले.

"विसरण्याची भीती वाटली म्हणून," ताई म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून आम्ही दोऱ्यांना गाठी मारून राज्याचा हिशेब ठेवणाऱ्या लोकांविषयी ऐकले, तारेवरच्या मण्यांनी बेरजा करणाऱ्या चिनी व्यापाऱ्यांविषयी ऐकले, आणि आपल्याकडच्या शून्याविषयी तर किती वेळा ऐकले. वडिलांना कराचे आकडे मांडताना पाहून दातेरी चाकांचे बेरजेचे यंत्र करणारा फ्रेंच मुलगा मला आमच्याच आळीतला वाटू लागला होता. हे सगळे ऐकल्यावर दुपारी पुन्हा यंत्रापाशी गेले की ते कमी परके वाटे. आवाज तेवढाच असे.

माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळची गोष्ट इथे सांगायला हवी. दिवस गेल्याचे कळले तेव्हा मला आनंदाआधी धडकी भरली. लग्न झालेल्या, त्यातून पोटुशी असलेल्या बाईला कामावर ठेवण्याची पद्धत तेव्हा सगळीकडे नव्हती. मी पाच महिने पदर सैल सोडून दिवस काढले. एके सकाळी ताईंनी काही न बोलता माझ्या यंत्रापाशी पाठीला टेक असलेली खुर्ची आणून ठेवली. मग म्हणाल्या, "पर्सोनेलच्या साहेबांशी बोलून आलेय मी. ते नाही म्हणाले. उद्या पुन्हा जाईन." त्या किती वेळा गेल्या हे मला कधीच कळले नाही. मुलगी झाल्यावर मी त्याच खुर्चीवर परत कामाला बसले.

आता मूळ गोष्टीकडे येते.

सत्तरच्या सुमारास कारखान्यात बातमी पसरली की कंपनी कॉम्प्युटर आणणार. संगणक हा शब्द तेव्हा वर्तमानपत्रांतून नुकता दिसू लागला होता, आणि बहुतेक वेळा त्याच्या शेजारी बेकारी हा शब्द असे. आमची कार्डाची यंत्रे बेरीज-वजाबाकीपुरती होती. हा नवा पाहुणा म्हणे हजेरी, स्टोअर्स, उत्पादनाचे वेळापत्रक सगळेच पाहणार होता. टाइम ऑफिस आणि स्टोअर्समध्ये हाताने रकाने भरणारी, हातानेच बेरजा तपासणारी खूप माणसे होती. माझे यजमान त्यांतलेच एक, स्टोअर्समध्ये क्लार्क.

आमच्या घरात त्या दिवसांत जेवताना कुणी बोलत नसे. एकदा यजमान पानावरून न उठता म्हणाले, "तुझ्या त्या खोलीपायी माझी खुर्ची जाणार आहे."

मी म्हटले, "असं कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तू त्यांच्या बाजूची आहेस."

नवऱ्याने आपल्याला 'त्यांच्या बाजूची' म्हणावे, याची मला जी भीती वाटली ती कुणाला समजावून सांगता येणार नाही. मुलगी आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत बसली होती.

कंपनीच्या बसमध्ये आमच्या शेजारी कुणी बसेना. मागून कुणी तरी म्हणे, "भावा, जरा सरकून बस, मशीनवाल्या बाया आल्या." एका सकाळी आम्ही विभागाच्या पायऱ्यांशी आलो तर तिथे फुटलेल्या बांगड्यांचा ढीग होता. हिरव्या, लाल, सोनेरी. त्याचा अर्थ आमच्यातल्या प्रत्येकीला कळला. लग्न झालेल्या मुलींनी नकळत आपापली मनगटे धरली. एक मुलगी रडू लागली आणि मला घरी जाऊ द्या म्हणाली. ताईंनी झाडू मागवला नाही, स्वतः आत जाऊन आणला आणि पायऱ्या झाडल्या. "काच आहे," त्या म्हणाल्या, "पायाला लागेल." झाडताना त्यांचे ओठ पांढरे पडले होते. त्या मुलीला त्यांनी खरोखरच घरी पाठवले आणि तिची रजा मांडली नाही.

युनियनचे पुढारी होते मारुतराव. मशीन शॉपमध्ये काम करीत. मोशीकडची त्यांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली होती आणि तिच्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली होती, ती यांना. माणूस तापट, पण शब्दाचा पक्का. त्यांनी गेटसभेत जाहीर केले की कॉम्प्युटरची पेटी आत येऊ द्यायची नाही. मग ताईंनी एक अशी गोष्ट केली की कंपनीत वरपासून खालपर्यंत कुणालाच ती समजली नाही. त्यांनी मारुतरावांना निरोप धाडला की मला कँटीनमध्ये कामगारांशी बोलायचे आहे.

आदल्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी ताईंना बोलावून घेतले. काही कागद घेऊन मीही बरोबर गेले होते. साहेब म्हणाले, "जरूर बोला. फक्त एवढं सांगा की एकाचीही नोकरी जाणार नाही."

"हे खरं आहे का?" ताईंनी विचारले.

"तुम्ही तसं सांगा."

"मी खरं आहे का विचारलं."

साहेबांनी पंख्याकडे पाहिले. ताई उठल्या, नमस्कार केला, आणि आम्ही बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत कँटीन खच्चून भरले होते. माझे यजमान खांबाशी उभे होते, माझ्याकडे पाहत नव्हते. ताई स्टुलावर वगैरे चढल्या नाहीत. बाकांच्या मधल्या जागेत उभ्या राहिल्या आणि आम्हाला सांगायच्या तशाच सांगू लागल्या. मातीच्या वड्या, गाठी, मणी, शून्य, दातेरी चाके. हळूहळू कुजबुज थांबली. मग त्या मागांच्या गोष्टीवर आल्या. फ्रान्समध्ये रेशीम विणायचे असे माग निघाले की ज्यांत छिद्रांच्या पुठ्ठ्यांवरून नक्षी आपोआप उतरे. आमच्या विभागातली कार्डे म्हणजे त्या पुठ्ठ्यांची नातवंडे.

"त्या विणकरांचं काय झालं?" गर्दीतून कुणी तरी विचारले.

"ते चिडले," ताई म्हणाल्या. " त्यांनी दंगे केले, माग मोडले. पण माग येतच राहिले. पुष्कळांचं काम गेलं, काही उपाशी राहिले. पुढे त्याच गावात मागांवर आणखी माणसं लागली, हेही खरं आहे. पण ज्यांचं गेलं त्यांचं ते गेलंच. त्यांची भीती खोटी नव्हती."

कँटीनमध्ये चूळबूळ झाली. कंपनीची बाई असे बोलेल ही कुणाची अपेक्षा नव्हती.

"आणखी एक सांगते," ताई म्हणाल्या. "कॉम्प्युटर हे आधी यंत्राचं नाव नव्हतंच. ते माणसांच्या हुद्द्याचं नाव होतं. ग्रहताऱ्यांची गणितं, तोफांची गणितं कागदावर करणारी माणसं असत, त्यांना कॉम्प्युटर म्हणत. पुष्कळ बायका होत्या त्यांत. यंत्र आलं आणि त्यांचं काम तर घेतलंच, नावही घेतलं."

ही गोष्ट त्यांनी आम्हाला कधी सांगितली नव्हती.

मारुतराव पुढे आले. "बाई, तुमी शिकलेल्या. मला येवढंच सांगा. जमीन कंपनीनं घेतली, तवा म्हनले नोकरी देतो. आता नोकरी हे मशीन घेनार. मंग आमी कुटं जायाचं?"

"मला माहीत नाही, मारुतराव."

"तुमाला बी माहीत न्हाई?"

"नाही. मलाही भीती वाटते. आज मी कार्डांची यंत्रं चालवते, उद्या या नव्यापुढे माझं शिक्षण किती पुरेल कोण जाणे. पण इतिहासातून मला एवढं दिसतं की यंत्र येतंच, आणि ते कुणाच्या हाताखाली येतं यावर पुढचं ठरतं. कंपनी बाहेरून पदवीधर मुलं आणणार आहे. तुम्ही पेटी अडवण्यापेक्षा अशी मागणी करा की टाइम ऑफिसच्या आणि स्टोअर्सच्या माणसांना आधी शिकवा."

"आन शिकवनार कोन?"

"मी शिकवीन. मराठीत."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मारुतराव एवढेच म्हणाले, "बघू." पण त्या संध्याकाळी माझ्या यजमानांनी घरी आल्यावर मला विचारले, "त्या बाई खरंच शिकवतील का ग?"

वरच्या मजल्यावर मात्र भडका उडाला. साहेबांनी ताईंना पुन्हा बोलावले. कामगारांना चिथावल्याचा ठपका आला, आणि नवे यंत्र आल्यावर कुठली माणसे जादा ठरतील त्यांची नावे द्या, असा हुकूम आला. ताईंनी नावे द्यायला नकार दिला. खाली आल्यावर त्या माठापाशी थांबल्या आणि फुलपात्रभर पाणी प्यायल्या. घरी वृद्ध आई, मिळवणारे दुसरे कुणी नाही, हे मला ठाऊक होते. त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "शालिनी, मी फार घाबरले आहे. हे मुलींना सांगू नकोस, आधीच त्यांना पुरेसं झालंय." मी आजवर सांगितले नव्हते. आता त्याच मुली मोठ्या मुलांच्या आया झाल्या आहेत, तेव्हा हरकत नसावी.

शिकवणीची मागणी मारुतरावांनी पुढे केली, पण ती लोंबकळत पडली आणि यंत्र आले. त्यासाठी नवी खोली बांधली होती. आत धूळ जाऊ नये आणि गारवा टिकावा म्हणून तिच्या काचा कायमच्या बसवलेल्या होत्या, आणि दार एकच होते. ते यंत्र सुरू करण्याच्या दिवशी दुपारी आम्ही मुली, ताई आणि बाहेरून आलेला एक इंजिनिअर आत होतो. गेटाकडून घोषणा ऐकू येत होत्या. त्या जवळ येऊ लागल्या. मग वीज गेली.

पंख्यांची, यंत्रांची घरघर एकदम थांबली आणि बाहेरचा आवाज केवढा आहे ते कळले. पाठोपाठ काचेवर दगड बसला. काच तडकली, फुटली नाही. इंजिनिअर दार उघडायला गेला तर दार उघडेना. कुणी तरी बाहेरून कडीला साखळी घातली होती. घेरावात तसे करीत असत, दोन-तीन तास कोंडून ठेवत आणि सोडून देत. आम्ही एकमेकींना तेच सांगत होतो. तेवढ्यात मला जळक्या पुठ्ठ्याचा वास आला.

बाजूच्या बोळात कार्डांची खोकी रचलेली होती. कुणी पेटवली की बिडीने पेटली, हे आजही मला माहीत नाही. दाराच्या फटीतून धूर आत येऊ लागला. राखाडी, दाट, जमिनीलगत सरपटत येणारा आणि मग वर चढणारा. गारवा धरून ठेवणारी ती खोली आता धूर धरून ठेवू लागली. कुणी तरी किंचाळली. इंजिनिअर दारावर खांदे आपटत होता. मला माझ्या मुलीचे नाव आठवेना. अगदी खरे सांगते, तिचा चेहरा दिसत होता आणि नाव आठवत नव्हते.

ताईंनी आधी कोपऱ्यातला पिण्याच्या पाण्याचा माठ आडवा केला. "पदर भिजवा. नाकावर धरा. सगळ्या खाली बसा, जमिनीला गाल लावून." त्यांचा आवाज चिरकत होता, पण शब्द स्पष्ट होते. मग त्यांनी लोखंडी स्टूल उचलून तडकलेल्या काचेवर मारले. काच जाड होती. त्यांनी पुन्हा मारले. इंजिनिअर त्यांच्या मदतीला धावला. अखेर हातभर तुकडा बाहेर पडला आणि ताईंनी त्या भोकाला तोंड लावून हाक मारली.

"मारुतराव! आत माणसं आहेत! मारुतराव!"

बाहेर शेकडो माणसे ओरडत होती. हाक पोहोचेल असे मला वाटले नाही. पण त्या हाका मारत राहिल्या, एकच नाव. त्यांच्या कपाळावर काच लागून रक्त येत होते. मग घोषणांमध्ये एक खंड पडल्यासारखे झाले आणि बाहेरून मारुतरावांचा आवाज आला. "अरं, कडी कुनी घातली? आत बाया हायेत! पहार आना!"

बोळातला जाळ दारापर्यंत आला होता. मारुतरावांनी त्या जाळात उभे राहून साखळीत पहार घातली. दार उघडले तेव्हा मारुतराव आमच्या अंगावरच कोसळले. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले होते. आम्ही एकमेकींना ओढत बाहेर आलो. ताई सर्वांत शेवटी आल्या. बाहेर येताच त्यांनी पहिल्यांदा आम्हाला एकेक करून हात लावून मोजले, आणि मग तिथेच मातीत बसल्या. माझे यजमान त्या गर्दीतून धावत आले, आणि सगळ्यांसमोर त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

पुढे चौकशी बसली. मारुतरावांना बडतर्फ करण्याची तयारी झाली होती, कारण मोर्चा त्यांचा होता. चौकशी अधिकाऱ्यांनी ताईंना विचारले, आग कुणी लावली?

"मी धूर पाहिला," ताई म्हणाल्या. "हात पाहिला नाही."

"अंदाज असेलच की."

"अंदाजावर मी कधी बेरीज केलेली नाही. दार कुणी उघडलं ते मात्र मी पाहिलं आहे, ते लिहून घ्या."

ते लिहून घ्यावे लागले. मारुतरावांची नोकरी राहिली. ताईंना मात्र संगणक विभागाचे प्रमुखपद मिळायचे होते ते मिळाले नाही. बाहेरून एक गृहस्थ आणले गेले आणि ताई त्यांच्या हाताखाली गेल्या. आग झाल्यावर वरचे लोकही घाबरले होते, आणि त्या घाबरण्यातून शिकवणीचा वर्ग मंजूर झाला.

तो वर्ग मी पाहिला आहे. पन्नाशीला आलेली, चष्मे लावलेली माणसे, परीक्षेला बसल्यासारखी घामेजलेली. यंत्राला फक्त दोनच आकडे कळतात हे ताईंनी त्यांना असे शिकवले की चार जणांना ओळीत उभे केले. उभा तो एक, बसला तो शून्य. मग त्या आकडा सांगत आणि हे लोक उठबस करीत. चुकीचा माणूस उठला की वर्ग हसे. स्टोअर्सच्या लोकांना मी कितीतरी महिन्यांनी हसताना पाहिले. माझे यजमान घरी येऊन मुलीला बरोबर घेऊन तीच उठबस करीत.

सगळे तरले असे मी म्हणणार नाही, ताईंना ते आवडणार नाही. पुष्कळ जण शिकले आणि टिकले. काहींना ते जमलेच नाही. टाइम ऑफिसमधल्या एका वयस्कर गृहस्थांनी अपमान सहन न होऊन राजीनामा दिला. ते पुढे फार दिवस जगले नाहीत. ताई त्यांच्या घरी गेल्या होत्या. यजमान आजही स्टोअर्समध्ये यंत्राच्या कागदांवर काम करतात. त्यांची भीती गेली, असे मात्र नाही. नवा कागद हातात आला की ते आधी दोनदा घडी घालून पाहतात.

आणि मग आमची पाळी आली. गेल्या काही वर्षांत कार्डे गेली. टेबलावर मावणारे, पडद्यावर हिरवी अक्षरे दाखवणारे संगणक आले आणि आमचा कार्डांना छिद्रे पाडणारा पंचिंगचा विभागच बंद करायचे ठरले. ज्या यंत्रामुळे बसमध्ये आमच्या शेजारी कुणी बसत नसे, ते यंत्रच भंगारात निघाले. मी चाळिशीची झाले होते. त्या हिरव्या अक्षरांपुढे बसवले तेव्हा मी पहिल्या दिवशी दाराशी थबकले होते तशीच थबकले. ताईंचे निवृत्तीचे दिवस जवळ आले होते. त्यांना ते शिकण्याची काहीच गरज नव्हती. तरी त्या माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या, दोघींनी मिळून पुस्तिका उघडली, आणि दोघी मिळून चुकलो.

"ताई, हे मला येणार नाही," मी म्हटले.

"मलाही वाटतंय तसं," त्या म्हणाल्या. "पुढचं पान उलट."

आज मी त्याच यंत्रावर काम करते. आमच्या विभागातल्या बहुतेक मुली करतात. दोघींना दुसऱ्या खात्यात जावे लागले, आणि त्यांच्यासाठी ताई निवृत्त झाल्यावरही खेटे घालत होत्या.

ताई सध्या चिंचवडला एकट्या असतात. आई गेल्या. शेजारच्या मुलांना गणित शिकवतात, पुष्कळ वाचतात. पण आता डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आहे आणि पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया आहे. परवा मी भेटायला गेले होते. निघताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "शालिनी, त्या दिवशी येशील ना ग? भीती वाटते." इतक्या वर्षांत ताईंनी स्वतःसाठी माझ्याकडे काही मागितल्याचे मला आठवत नाही.

ही गोष्ट मी त्यांची परवानगी घेऊन लिहीत आहे. लिहू का असे विचारले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "लिही. खरंच आहे ते."

ताई, शंभर वर्षे जगा असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. तुम्ही तितकी आणि त्याहून अधिक जगावीत, धडधाकट जगावीत, डोळे स्वच्छ व्हावेत आणि पुष्कळ पुस्तके वाचून व्हावीत, ही तुमच्या या सगळ्या गोतावळ्याची इच्छा आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशी आम्ही येत आहोत. मी आहे, यजमान आहेत, विभागातल्या मुली आहेत, आणि मारुतराव मोशीहून पहिल्या बसने येणार आहेत. तुम्ही आत जाल तेव्हा आम्ही बाहेर बाकावर बसलेले असू. भीती आम्हालाही वाटत असेलच, पण तुम्ही बाहेर येईपर्यंत आम्ही तिथून उठणार नाही.